डाव्या पायाची सुटका

जुन्या मोटारींचा सांभाळ करणाऱ्या मंडळींत ज्या मोजक्या प्रश्नांवरून खराखुरा वाद पेटतो, त्यांत मूळच्या मॅन्युअल गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवावा की बसवू नये, हा प्रश्न अग्रभागी आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, कारखान्याच्या दारातून गाडी ज्या रूपात बाहेर पडली तेच तिचे खरे रूप, आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार पुढच्या मालकाला नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, गुडघे झिजल्यामुळे मालकाला क्लच दाबवत नाही एवढ्याच कारणासाठी गाडी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी राहावी, त्यापेक्षा तिने दोन पेडलांवर का होईना, रस्त्यावर धावावे. या वादात माझे मत दुसऱ्या पक्षाच्या बाजूचे आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. मात्र ते केवळ कणवेपोटी बनलेले नाही. मोटारीचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहू जाता, गिअरबॉक्स हा तिचा सर्वांत अस्थिर, सर्वांत जास्त वेळा बदललेला अवयव आहे, आणि मॅन्युअलसाठी आखलेल्या गाडीत ऑटोमॅटिक बसवण्याचा उद्योग प्रथम कोणा हौशी मालकाने नव्हे, तर नामांकित कारखान्यांनीच, आपल्या सर्वोत्तम गाड्यांवर आणि पूर्ण विचारांती केलेला आहे, असे दिसून येते.

वाफेचे इंजिन उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोलच्या इंजिनाला ते साधत नाही, ते थांबले की मरते आणि विशिष्ट फेऱ्यांच्या मर्यादेतच ताकद देते. हा त्याचा जन्मजात दोष झाकण्यासाठी क्लच आणि गिअर यांची योजना करावी लागली. १८९० नंतरच्या दशकात फ्रान्समधील पानार-लव्हासोर या कारखान्याच्या एमिल लव्हासोरने इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दातेरी चक्रांची पेटी, अशी जी मांडणी रूढ केली, तीच पुढे जगभर मान्य झाली; ही योजना रासवट आहे पण चालते, अशा अर्थाचे उद्गार खुद्द लव्हासोरच्या नावावर सांगितले जातात, आणि ते त्याने काढले असोत वा नसोत, त्यांतील मर्म खोटे नाही. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन पोलादी चक्रे एकमेकांत घुसवायची, आणि ती घुसताना दात तुटू नयेत ही जबाबदारी चालकाच्या कानावर आणि डाव्या पायावर टाकायची, हा त्या योजनेचा गाभा होता. डबल क्लच मारून गिअर खाली आणणे ही कला ज्याला अवगत तोच ड्रायव्हर, बाकीचे उमेदवार, असा दंडक त्यातूनच पडला.

परंतु ही व्यवस्था सर्वांनी मुकाट्याने मान्य केली होती असे मात्र नाही. १९०४ मध्ये बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी फिरत्या वजनांच्या केंद्रोत्सारी जोरावर आपोआप गिअर बदलणारी दोन गतींची पेटी बनवली. त्या काळच्या धातूंना आणि कारागिरीला ती पेलली नाही व ती मागे पडली. हेन्री फोर्डने १९०८ च्या आपल्या टी मॉडेलमध्ये सरकती चक्रे टाळून ग्रहचक्रांची पेटी वापरली, जिच्यात दात एकमेकांत सदैव गुंतलेलेच असतात आणि चालकाने फक्त पट्टे आवळायचे वा सैल करायचे असतात. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या या पेटीवर धावल्या, म्हणजे जगातील फार मोठा चालकवर्ग आज ज्याला मॅन्युअल म्हणतात त्या गिअरशी परिचय न होताच मोटार शिकला. मॅन्युअल हीच मोटारीची आदिम आणि स्वाभाविक अवस्था, असे मानणाऱ्यांनी हा आकडा विचारात घेण्याजोगा आहे.

या कहाणीतील खरी कलाटणी मात्र मोटारीच्या जगाबाहेरून, जहाजांच्या गोदीतून आली. स्टेटिन येथील व्हल्कान जहाजबांधणी कारखान्यात हेरमान फ्योटिंगर नावाचा जर्मन अभियंता एका अवघड प्रश्नाशी झगडत होता: वाफेचे टर्बाइन वेगाने फिरले तरच काटकसरीने चालते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट कापतो, तेव्हा या दोहोंचा मेळ कसा घालावा? त्याने १९०५ मध्ये ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तीत दोहोंमध्ये धातूचा सांधाच ठेवला नव्हता. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला असता त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागावा, त्याप्रमाणे तेलाने भरलेल्या बंद कवचातील पात्यांचे एक चक्र तेल भिरकावते आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे दुसरे चक्र फिरू लागते. या दोहोंच्या मधोमध पात्यांचे तिसरे, स्थिर चक्र बसवले की परतणारे तेल योग्य दिशेने वळवले जाऊन आरंभीचा जोर वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन चालू असताना गाडी उभी राहू शकते, आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती धक्का न बसता निघते. तेलाच्या घुसळणीत जी शक्ती वाया जाते तिची उष्णता होते, ही त्या सुखाची किंमत. तिचा हिशेब पुढे येईलच.

इंग्लंडात डेमलर कंपनीने १९३० साली फ्योटिंगरच्या तत्त्वावरील तैलचक्र आणि मेजर वॉल्टर गॉर्डन विल्सन यांची आगाऊ गिअर निवडण्याची पेटी यांची जोडी जमवली. हे विल्सन म्हणजे पहिल्या महायुद्धातील रणगाड्याच्या जनकांपैकी एक. चालकाने हवा तो गिअर आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की पेडल एकदा दाबून सोडायचे, अशी ती तजवीज होती. संपूर्ण स्वयंचलन तिच्यात नव्हते. पण अवघड कला चालकाच्या पायातून काढून पेटीच्या पोटात घालावी, हा विचार तिच्यात पूर्णपणे मुरलेला होता.

तो विचार शेवटास नेला अर्ल थॉम्प्सन याने. १९२८ च्या कॅडिलॅकमध्ये सिंक्रोमेश आला, म्हणजे गिअर टाकताना चक्रांची गती आपोआप जुळवून घेणारी योजना आली, तीही याच गृहस्थाची. आज ज्याला आपण सुखाने चालणारा मॅन्युअल म्हणतो तो आणि ऑटोमॅटिक, हे दोघे एकाच अभियंत्याच्या मेजावरून निघाले, ही गोष्ट या वादातील दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. जनरल मोटर्समध्ये थॉम्प्सनच्या देखरेखीखाली तयार झालेला हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी, १९३९ च्या उत्तरार्धात विक्रीस आला. त्याचा जादा आकार होता ५७ डॉलर. चार गती, तैलचक्र, ग्रहचक्रांचे संच आणि त्यांवर अंमल चालवणारी झडपांची एक पेटी, की जिला एका बाजूने गाडीचा वेग आणि दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटरची स्थिती तेलाच्या दाबाच्या रूपाने कळते आणि त्या दोहोंचे तारतम्य पाहून ती कोणता गिअर लागावा याचा निवाडा करते. वीज नाही, गणकयंत्र नाही; केवळ तेल, स्प्रिंगा आणि घासून अचूक केलेल्या पोलादी नळ्या. मानवी बुद्धीने यंत्रात उतरवलेल्या निर्णयशक्तीचे इतके देखणे उदाहरण त्या काळात दुसरे क्वचितच सापडेल, असे मला मनापासून वाटते.

१९४२ मध्ये मुलकी मोटारींचे उत्पादन थांबले तोवर दोन लाखांच्या आसपास गाड्यांत हा गिअरबॉक्स गेला होता. मग तो युद्धावर गेला. एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक बसवले होते, आणि शेतावरून वा दुकानातून नुकत्याच आलेल्या पोरांना तो रणगाडा अल्पावधीत चालवता येऊ लागला. त्याच युद्धातून जे तरुण पाय गमावून परतले, त्यांच्यासाठी ओल्ड्समोबिलने ऑटोमॅटिक गाडीला हाताने चालवण्याची साधने जोडून खास योजना काढली. ऑगस्ट १९४६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पाय गमावलेल्या सैनिकांना मोटार घेण्यासाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत मंजूर केली. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची चैन, हा जो समज आपल्याकडे आजही प्रचलित आहे, त्याचे निराकरण करण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा व्हावा. ज्यांना मोटार अजिबात चालवता आली नसती त्यांना ती चालवता आली. इतर सर्वांची सोय ही त्यामागून आली.

हा गिअरबॉक्स अमेरिकेच्या मोटारधंद्यात किती खोलवर रुजला होता, हे एका आगीने सिद्ध केले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना वेल्डिंगच्या ठिणगीने पेटला आणि जवळजवळ संपूर्ण जळून गेला, माणसेही दगावली. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, पॉन्टियाक तर त्यावर अवलंबून होत्याच, पण फोर्डची लिंकन आणि इतर प्रतिस्पर्धी कंपन्याही तोच गिअरबॉक्स विकत घेत असत. उत्पादन थांबवणे परवडणारे नव्हते, तेव्हा हायड्रामॅटिकसाठी आखलेल्या कॅडिलॅकमध्ये ब्यूकचा डायनाफ्लो बसवण्यात आला आणि पॉन्टियाकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड. आधार, सांधे, शाफ्टची लांबी, सर्व नव्याने जुळवावे लागले, आणि ते थोड्याच आठवड्यांत जुळवले गेले. हायड्रामॅटिकचे उत्पादन पुढे विलो रन येथे, जेथे फोर्डने युद्धकाळी बॉम्बफेकी विमाने बांधली होती, तेथे सुरू झाले. त्या वर्षीची डायनाफ्लो असलेली कॅडिलॅक आज कोणी अस्सल नाही म्हणत नाही. कारखान्याने केलेला फेरबदल अस्सल आणि मालकाने केलेला भेसळ, असा जो भेद आपण करतो, त्याला तत्त्वाचा आधार फार थोडा आहे.

आता क्रू येथील रोल्स-रॉइसच्या कारखान्याकडे वळतो, कारण आपल्या विषयाचे खरे हृद्गत तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बेंटली आणि रोल्स-रॉइस गाड्या मॅन्युअल गिअरसाठीच आखलेल्या होत्या, आणि उजव्या बाजूने चालवायच्या गाडीत त्यांचा गिअरचा दांडा चालकाच्या उजव्या हाताशी, आसन आणि दार यांच्यामध्ये असे. त्याची हालचाल इतकी मृदू होती की ती हीच त्या गाड्यांची शान मानली जाई. परंतु अमेरिकेतील ग्राहक तीन पेडलांची महागडी गाडी घेईनासा झाला. कंपनीने स्वतःचा ऑटोमॅटिक घडवण्याचा हट्ट न धरता जनरल मोटर्सचा परवाना घेतला आणि १९५२ पासून हायड्रामॅटिक, आधी परदेशी पाठवायच्या गाड्यांत, बेंटली आर टाइप आणि सिल्व्हर डॉन यांत देऊ केला.

येथे एक अडचण होती, ती मात्र अमेरिकेत कोणालाच आली नव्हती. रोल्स-रॉइसच्या गाड्यांचे ब्रेक १९२४ पासून एका यांत्रिक सर्व्होच्या साहाय्याने लागत, आणि मुळात हिस्पानो-स्विझाच्या कल्पनेवरून घेतलेला हा सर्व्हो गिअरबॉक्सवरच बसवलेला असे. गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टबरोबर एक घर्षणाची तबकडी सावकाश फिरत असते. चालकाने पेडल दाबले की ती आवळली जाते, गाडीच्याच गतीची ओढ घेते आणि ब्रेकच्या दांड्यांना तो जोर पुरवते. अर्थात गिअरबॉक्स काढला की ब्रेकचा सहायकही गेला. क्रू येथील अभियंत्यांनी ब्रेकची व्यवस्था मोडीत काढली नाही, तर परवान्याने घेतलेल्या अमेरिकन गिअरबॉक्सच्या कुशीतून सर्व्होसाठी नवी चाल काढली, आणि ही जोडी सिल्व्हर क्लाउडच्या अखेरपर्यंत, म्हणजे १९६५ पर्यंत टिकली. पार्किंगसाठी निराळी खूण त्या गाड्यांत नव्हती. दांडा रिव्हर्समध्ये टाकून इंजिन बंद केले की पेटीतला खटका पडून चाके जखडली जात. गाडीचा स्वभाव ज्या अवयवांत आहे ते ओळखून जपायचे आणि उरलेले निःसंकोच बदलायचे, ही विवेकबुद्धी मला त्या सर्व्होच्या चालीत दिसते. १९५५ च्या सिल्व्हर क्लाउडमध्ये हा गिअरबॉक्स ठरीव भाग झाला आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली तरी ती टिकली नाही.

जॅग्वारचे उदाहरण याच्या उलट्या अंगाने बोधप्रद आहे. बोर्ग-वॉर्नरचा ऑटोमॅटिक त्यांनी १९५३ पासून मार्क सेव्हन या ऐसपैस सलूनमध्ये दिला. तेथे जागा होती, काम सहज झाले. पण १९६१ ची ई-टाइप ही दोन माणसांपुरती, तळपत्यापासून छतापर्यंत घट्ट बांधलेली गाडी होती, आणि आसनांमधून जाणारा अरुंद बोगदा मॅन्युअल गिअरबॉक्सच्या मापाने बेतलेला होता. कंपनीने १९६६ मध्ये तिला मागे दोन लहान आसने देताना पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ९ इंचांनी वाढवले, तेव्हाच कुठे ऑटोमॅटिकला जागा झाली. छतही उंच झाले, आणि ज्या एका अखंड रेषेसाठी ती गाडी वाखाणली गेली होती ती रेषा त्या फेरबदलात हरवली, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअरबॉक्ससाठी गाडी वाढवावी लागली, तर गिअरबॉक्स बदलण्याचा अर्थच पालटतो.

मिनीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ॲलेक इसिगोनिसच्या या १९५९ च्या छोट्या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, तेलाच्या कुंडातच दडवलेला, आणि दोहोंना तेल एकच. तिथे ऑटोमॅटिक बसणे अशक्य, असे कोणीही म्हटले असते. ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स या कंपनीने १९६५ मध्ये चार गतींचा ऑटोमॅटिक त्याच कुंडात, इंजिनाच्याच तेलावर चालेल असा बसवून दाखवला. एमजीबीने १९६७ मध्ये आपला बोगदा रुंद केला आणि बोर्ग-वॉर्नरचा पस्तीस नंबरचा गिअरबॉक्स देऊ केला. ग्राहकांनी तो फारसा घेतला नाही आणि १९७३ मध्ये तो बंद झाला. पण त्या रुंद बोगद्यामुळे १९६७ नंतरच्या कोणत्याही एमजीबीत आज ऑटोमॅटिक बसवणे पत्रा न कापता साधते, तर त्याआधीच्या गाडीत ते साधत नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर बाहेरून हा भेद कोणाच्या लक्षातही येणार नाही.

आपल्याकडच्या इतिहासाला या विषयाशी एक अनपेक्षित धागा जोडलेला आहे. उत्तरपाड्याची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली, आणि त्या ऑक्सफर्डवर इंग्लंडात १९५६ च्या सुमारास मॅन्युमॅटिक नावाची एक सोय मिळत असे: गिअरबॉक्स मॅन्युअलच, पण दांड्याच्या मुठीला हात लागताच विजेचा खटका दबून पोकळीच्या जोरावर क्लच आपोआप सुटायचा. आपल्या रस्त्यांना माहीत असलेली अँबॅसडर मात्र तीन पेडलांचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या आणि कुर्ल्याला मोटारी बांधणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट आणि पद्मिनी याही स्टिअरिंगच्या दांडीवरच्या गिअरच्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तोवर कित्येक पिढ्यांच्या टॅक्सीवाल्यांच्या डाव्या पायांनी दिवसभराच्या कोंडीत क्लच दाबला आणि सोडला. परदेशी गिअरबॉक्स आणण्यास परकीय चलन नाही, दुरुस्तीस जाणता मिस्त्री नाही, आणि पेट्रोलची नासाडी परवडत नाही, अशा तिहेरी कारणांनी ऑटोमॅटिक आपल्या सामान्य घरांत दीर्घकाळ आला नाही. तो सर्वसामान्यांत पोहोचला २०१४ च्या मारुती सेलेरिओने, आणि तोही मॅन्युअल गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्या क्लचवर आणि दांड्यावर यांत्रिक हात बसवण्याच्या रीतीने. म्हणजे मॅन्युमॅटिकचेच तत्त्व, साठ वर्षांनंतर, संगणकाच्या देखरेखीखाली.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण बाजूने किंवा विरुद्ध बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते जवळून पाहिलेले नसते. चेनकप्पीने इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढून दोहोंना वेगळे केले की प्रथम वजनदार फ्लायव्हील, क्लचप्लेट आणि प्रेशरप्लेट उतरतात. क्रँकच्या टोकात मॅन्युअलचा शाफ्ट टेकण्यासाठी एक छोटे बुश ठोकलेले असते, तेही बहुधा काढावे लागते, कारण तेथे आता कन्व्हर्टरचे नाक बसायचे असते. फ्लायव्हीलच्या जागी येते ती पातळ, किंचित लवचीक पोलादी तबकडी, जिच्या कडेवर स्टार्टरचे दाते असतात. एका कंपनीचे इंजिन आणि दुसरीचा गिअरबॉक्स असेल, उदाहरणार्थ जॅग्वारचे इंजिन आणि जनरल मोटर्सचा १९८२ सालापासूनचा चार गतींचा ७००-आर-४, तर दोहोंमध्ये घडीव ॲल्युमिनियमची जोडपट्टी लागते. आणि तिचे केंद्र क्रँकच्या केंद्राशी इंचाच्या काही हजाराव्या भागांपलीकडे ढळले, तर पंपाचे सील गळू लागते. म्हणून जाणता फिटर क्रँकवर डायल गेज लावून जोडपट्टीच्या भोकाभोवती काटा पूर्ण एक फेरी फिरवून पाहतो, आणि काटा स्थिर दिसेपर्यंत पट्टी सरकवत राहतो. या कामाला घाई चालत नाही.

यानंतरचा क्षण सर्वांत नाजूक. कन्व्हर्टरमध्ये लिटरभर तेल ओतून तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवायचा, आणि दोन्ही तळहातांनी धरून हलके हलके फिरवत आत ढकलायचा. तो एकदम बसत नाही. प्रथम टर्बाइनच्या खाचा शाफ्टला पकडतात, मग मधल्या स्थिर चक्राच्या, आणि शेवटी पंपाला चालवणारी खाच; प्रत्येक वेळी हाताला एक खटका जाणवतो आणि कन्व्हर्टर आणखी थोडा आत जातो. तिसरा खटका न जाणवताच ज्याने बोल्ट आवळले, त्याने इंजिन सुरू होण्यापूर्वीच पंप फोडला असे समजावे. पूर्ण बसल्यावर कन्व्हर्टर आणि तबकडी यांच्यामध्ये सुमारे तीन मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. ती उरली आहे हे फटीतून मोजून पाहिल्यावाचून पुढचा पाना हातात घेऊ नये.

मग बाकीची कामे येतात, आणि ती वरवर किरकोळ दिसली तरी त्यांच्याच हयगयीने पुष्कळ गाड्या बिघडतात. प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि पुन्हा तोलून घ्यावा लागतो. स्पीडोमीटरची तार नव्या चक्रावर बसवून तिचे प्रमाण जुळवावे लागते. तेलाच्या घुसळणीतील उष्णतेचा जो हिशेब वर राखून ठेवला, तो येथे चुकता होतो: दोन नळ्या काढून तेल रेडिएटरच्या तळाशी किंवा निराळ्या कूलरमध्ये थंड करावे लागते, आणि पुण्याहून महाबळेश्वरकडे चढताना पसरणीच्या घाटात हा कूलर लहान पडला की जळलेल्या तेलाचा वास गाडीत येतो. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे पेटीला कळवत असते. ७००-आर-४ मध्ये तिच्यावरच आतील तेलाचा दाब अवलंबून आहे, आणि परक्या कार्ब्युरेटरच्या कानाला ती थोड्या चुकीच्या कोनात अडकवली, तर गाडी वरकरणी सुखाने चालते व आतले क्लच जळून जातात. न्यूट्रलशिवाय इंजिन सुरू होऊ नये म्हणून स्विच लावावाच लागतो. आणखी एक: पहिल्या हायड्रामॅटिकमध्ये मागच्या शाफ्टवर दुसरा पंप असल्याने गाडी धक्का मारून चालू होत असे, नंतरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये तो नाही, तेव्हा बॅटरीची काळजी घेणे क्रमप्राप्त झाले.

या सगळ्यात ज्या एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे, ती म्हणजे बोगद्याचा पत्रा कापणे. ई-टाइप वा एमजीबी यांसारख्या गाड्यांना वेगळी चौकट नाही; तो बोगदा हाच तळाचा कणा आहे, आणि तो कापून वर हातोडीने घडवलेले झाकण डकवले की गाडीची ताकदही जाते आणि परतीचा मार्गही बंद होतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या फिव्हाने, २०१२ मध्ये तुरीनची सनद मान्य केली, जी वास्तूंच्या जतनासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या वळणावर रचलेली आहे. तीत फेरफाराला सरसकट मनाई नाही. तो सौम्य असावा, शक्यतो पूर्ववत करता यावा, आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच जपून ठेवावेत, असे तिचे सांगणे आहे. क्रू येथील अभियंत्यांचा सर्व्हो आणि ही सनद यांचा रोख एकाच दिशेने आहे.

आपल्या देशातील कायदा मात्र या बाबतीत पुरेसा सूक्ष्म नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत फेरफारास प्रतिबंध केला आहे, अपंग व्यक्तीच्या वापरासाठी केलेल्या फेरफाराला स्वतंत्र स्थान दिले आहे. आणि जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकींना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी देऊ केली, तीही मूळ स्वरूप राखले असून मोठा बदल झाला नसेल तरच. आता मोठा बदल कोणता? बोल्ट सोडून काढता येणारा आणि बोल्ट लावून परत बसवता येणारा गिअरबॉक्स, आणि गॅसकटरने कापलेला बोगदा, हे दोन्ही एकाच शब्दाखाली मोडावेत, हे मला न्याय्य वाटत नाही. नियम करणाऱ्यांनी येथे एक पोटकलम घालावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे: मूळ गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लचचे पेडल आणि प्रोपेलर शाफ्ट मालकाच्या ताब्यात सुरक्षित असतील, त्या गिअरबॉक्सवरील क्रमांक आणि बदलाची तारीख छायाचित्रांसह दप्तरी नोंदवली असेल, आणि गाडीच्या पत्र्याला कापणी लागलेली नसेल, तर तिचा व्हिंटेज दर्जा काढून घेऊ नये, मग तिचा मालक अपंग असो वा धडधाकट.